जावयाची सायकल

"जावई उंचीनं केवढे हाये?" बर्डीच्या बाजारातल्या सायकलवाल्यानं विचारलं.

"माझ्याहून हातभर उंच," चंपतराव म्हणाले.

"मंग चोवीस इंची घेऊन जा."

"बावीस इंचीच द्या. अन् सीट पार खाली करा."

दुकानदारानं सीट खाली केली. जावयाच्या गावाहून मौद्याला, चंपतरावांच्या घरी, येणारी पांदण दगडाधोंड्यांची, म्हणून चंपतरावांनी दुकानातले सगळ्यात दणकट टायर निवडले. मागच्या चाकाची टिकटिक थांबेपर्यंत त्यात ग्रीस भरायला लावलं. मग घंटी काढायला सांगितली. शेवटी कुलूपही.

"काका, कुलूप नसलं तं चोरीले जाईन ना गाडी."

चंपतरावांनी हँडलला घालायला हार आणला होता, तो त्यांच्या हातातच राहिला.

"सायकल आल्याबिगर पोरीले माहेरी पाठवत नाई म्हणते जावई," ते म्हणाले. "दिवाळीले भेटाले गेलो, तं पोरगी दाराआडूनच बोलली. तोंड दाखवलं नाई तिनं मले."

दुकानदाराचा पाना थांबला. "सायकल भेटल्यावर तरी पाठवन काय?"

"नाई पाठवत."

चंपतरावांनी खाली केलेल्या सीटवर तळहात जोरानं दाबून पाहिला.

"लहानपणी माझ्याच सायकलवर, दांडीखालून पाय घालून कैची मारत मारत शिकली पोरगी. जावयाले हे माहीत नाई."