एकशे बारा जण सुखरूप

बापूजींच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. नंदनवन वस्तीतल्या त्या ओळीत टीव्ही एकच, पोस्टातून रिटायर झालेल्या बापूजींचा, आणि आज समाचारात नागपूरचं नाव येणार अशी बातमी सगळीकडे झाली होती. दुपारी मिलच्या सूतखात्यात आग लागून छप्पर बसलं होतं. आग ती आग, पण दिल्लीवाले आपलं नाव घेणार म्हटल्यावर लोकांना दम कुठला!

पुढच्या खुर्चीवर चंपतरावांना मानाने बसवलं होतं. सूतखात्यात, दुपारपाळीला, त्यांची सव्वीस वर्षांची नोकरी. जो येई तो त्यांच्या पाठीवर हात ठेवी. "वाचला गा चंपतराव! देवानंच वाचवलं." चंपतराव मान हलवत. खोटं असं त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी, की ते आज मिलमध्ये गेलेच नव्हते. बायकोला घेऊन बेसा गावाला मेहुणीच्या मुलीच्या साक्षगंधात जेवत होते. त्यांच्या हजेरीच्या तिकिटावर, त्यांच्या नावाने, मशीनवर उभा होता ओळीतलाच लहानू. मिलमध्ये चालायचं हे. मात्र उघडकीला आलं, की ज्याचं तिकीट त्याची नोकरी गेली.

संध्याकाळी मिलचा हजेरीबाबू यादी घेऊन घरोघर फिरला, कोण पोचलं, कोण नाही ते पाहायला. चंपतराव नुकतेच बेसाहून आले होते. त्यांच्या बायकोने, इंदूबाईंनी, दारातूनच सांगून टाकलं, "आले न जी! हातपाय धुऊन राहिले." आगीचं त्या बिचारीच्या कानावरही नव्हतं. बाबूने चंपतरावांच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या घरी गेला.

समाचाराला पाच मिनिटं उरली असताना गोपिका आली. लहानूची बायको. पदर ओला, पाय राखेने काळे. लोकांना ढकलत ती थेट खुर्चीपुढे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, फाटकावर चला. बंबवाले नळ्या गुंडाळून राहिले."

"काहून वं?" बापूजींनी विचारलं.

"म्हणतात, आत कोणीच नाही. सगळ्यांच्या नावापुढं खूण झाली. पण मी ह्या कानानं ऐकलं जी, भिंतीखालून कोणीतरी ठोकून राहिलं. बाबूले सांगतलं, लहानू आत हाय, चंपतभाऊंच्या तिकिटावर. तं म्हणते, चंपतराव घरी पोचला, त्याच्या बायकोनंच सांगतलं." ती चंपतरावांकडे वळली. "तुमी एक बोल बोला भाऊजी, की मी आत नव्हतो. मंग ते खोदतीन."

चंपतरावांनी इंदूबाईंकडे पाहिलं. इंदूबाई खाली पाहत होत्या. घरात खाणारी सात तोंडं होती आणि कमावणारा एक.

"थांब वं बाई," बापूजी म्हणाले. "आता समाचार लागन. काय खरं, काय खोटं, उभ्या उभ्या समजन. पेपरवाला काहीबी छापन, पण हे सरकारी हाय. इथं चित्र दिसते. चित्र कसं खोटं बोलन?"

समाचार लागला. चित्र नव्हतंच. देशाचा नकाशा आला आणि मधोमध एक ठिपका. ठिपका पाहताच ओसरीवर टाळ्या पडल्या. कोणीतरी ओरडलं, "अबे चूप!" बातम्या देणारी बाई शांतपणे वाचत होती. "नागपुर की एक कपड़ा मिल में आज दोपहर आग लग गई। सभी एक सौ बारह मज़दूर सुरक्षित हैं।" पुढची बातमी गव्हाची होती.

"पाह्य!" बापूजींनी मांडीवर थाप मारली. "सगळेच्या सगळे! दिल्लीले काय पडली खोटं सांगाची? तुझा लहानू बसला असन कुठंतरी पीत."

दोघंतिघं हसले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट बायकांना हायसं वाटलं, एकीने तर गोपिकेसाठी पाण्याचा गिलासही पुढे केला. तिने तो घेतला नाही. ती चंपतरावांच्या अगदी जवळ गेली.

"एकशे बारा निघाले म्हणते टीव्ही. त्यातले तुमी एक. मंग सांगा भाऊजी, तुमी कोण्या दारानं निघाले?"

आता मात्र सगळेच चंपतरावांकडे पाहू लागले. बापूजींनी उठून टीव्हीचा आवाज बारीक केला.

"हो गा चंपतराव. तू तं सांगतलंच नाही. कसा निघाला?"

चंपतरावांनी कपाळावरचा घाम पुसला. इंदूबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"मागच्या," ते म्हणाले. "मागच्या दारानं."

गोपिकेने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. रडली नाही, भांडली नाही. वळली आणि एकटीच फाटकाकडे पळत सुटली.

"धूर लई असन न?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"लई," चंपतराव म्हणाले. लोक जवळ सरकले तसे ते सांगू लागले. "आपलाच हात आपल्याले दिसत नव्हता."