भिंतीवरचं सर्टिफिकेट

फार्मासिस्ट जावईबापूंनी सासऱ्यांच्या मेडिकलमधल्या नोकरीचा राजीनामा दिला. सासऱ्यांनी त्याच कागदात एका गिऱ्हाइकाला खोकल्याच्या गोळ्या बांधून दिल्या आणि विषय संपवला.

"अहो मामा, सरकारी दवाखान्यात इथल्या तिप्पट पगार आहे! माझी निवड झालीय."

"जा की, आम्ही कोण अडवणारे! फक्त भिंतीवरचं तुमचं सर्टिफिकेट उतरलं, की दुकानाचं लायसन्स गेलं. मग मी आणि तुमच्या सासूबाई तुमच्याकडेच येतो राहायला. कायमचे."

जावईबापूंनी ॲप्रन परत चढवला आणि सरकारी दवाखान्याला उत्तर लिहायला घेतलं.

"तरी सदर सासरे शासनाने दुकानासह ताब्यात घेऊन मला याच काउंटरवर सरकारी वेतन लागू करावे, ही नम्र विनंती."