एकाहत्तर हजार चारशे

शिकवणीला येणाऱ्या मुलीची वही उघडी होती आणि आई अर्धा तास एकाच गणितावर अडली होती. दोनशे ग्रॅम पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला किती उष्णता लागेल? उत्तर, एकोणतीस हजार चारशे ज्यूल. वहीत होतं एकाहत्तर हजार चारशे. ना रीत, ना पायरी.

"काट मार आणि पुढं हो," लेक म्हणाली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. "मी एका दुपारी चाळीस पेपर हातावेगळे करते."

"काट मारायला काय अक्कल लागते? ही पोरगी इथवर पोचली कशी ते कळलं, तरच तिला परत आणता येईल."

मुद्दाम वेगवेगळ्या चुका करून पाहता पाहता पाचव्या खेपेला आईचंही उत्तर तेवढंच चुकलं. "सापडलं. अंशांच्या वजाबाकीऐवजी बेरीज केलीय धांदरटानं. तापवायचं म्हणजे वाढवायचं, म्हणून." लॉटरी लागल्यासारखी ती हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली.

आठवड्यानं ती धांदरट दारात उभी राहिली. परीक्षा चार दिवसांवर होती.

"वही न्यायला आलेय. हा विषय सोडतेय मी. बाई नाहीत, आणि माझ्या डोक्यात नुसते दगड."

"एक गणित कर," लेक म्हणाली. "मग खुशाल सोड."

तीनशे मिलिलिटर वायू. दाब तोच. तापमान सत्तावीस अंश सेल्सिअसवरून चोपन्न. आकारमान किती होईल?

पोरीनं लिहिलं, सहाशे.

लेकीचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. हे उत्तर तिनं शेकडो पेपरांत खोडलं होतं. ते येतं कुठून, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"दुप्पट तापला म्हणून दुप्पट फुगला, असंच ना?"

"हो. मग चुकलं कुठं?"

"विचार बरोबर आहे तुझा. शून्य चुकीच्या जागी धरलंस. वायूचं शून्य आपल्या शून्याच्या दोनशे त्र्याहत्तर अंश खाली असतं. तिथून मोज."

पोरगी बोटांवर मोजत पुटपुटली. सत्तावीसचे तीनशे. चोपन्नचे तीनशे सत्तावीस. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे तीनशे सत्तावीस मिलिलिटर. एवढंच?"

"एवढंच."

तिनं चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि नीट बसली. "तुम्हाला अगदी बाईंसारखं येतं."

लेकीनं नकारार्थी मान हलवली. आईला जे एकदाही म्हटलं नव्हतं, ते ती त्या पोरीला म्हणाली.

"मला उत्तरं काढता येतात. शिकवणं आईला यायचं."