दुसरं टोक

लाकडाच्या वखारीत तो आणि त्याचा मित्र जन्मभर एकाच लांब करवतीची दोन टोकं धरून समोरासमोर राबले. मित्राची ओळख करून देताना तो तोंड भरून "हा आमचा जोडीदार" म्हणायचा. बायको मात्र चारचौघांत "आमची मंडळी" आणि घरात नुसतंच "ए, ऐकलंस का?"

"त्या करवतीशीच लग्न लावायचं होतंत," ती फणकारायची.

मित्र गेला, तेव्हापासून जेवण झालं की तो खाटेवर पडून राही. आज दुपारी ती पायाशी बसून पेंगत होती. बघते तर झोपेत याचा हात चालू! चादर छातीशी ओढायची, हात सैल सोडायचा आणि वाट बघायची. चादर परत न्यायला समोर कोणीच नव्हतं.

करवतीचा नियम तिने हजारदा ऐकला होता. आपण फक्त ओढायचं, ढकलायचं कधीच नाही. परत नेणं समोरच्याचं काम.

तिने चादरीचं दुसरं टोक धरलं. तो सैल सोडी तेव्हा ती ओढी, तो ओढी तेव्हा ती सोडी. सर्र, सर्र. खोलीभर ताज्या भुशाचा वास सुटल्यासारखा वाटला. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली. त्याचं स्वप्न मोडू नये म्हणून ती श्वासही बेताने घेत होती.

"जोडीदार," तो मिटल्या डोळ्यांनी पुटपुटला.

तिने मित्रासारखा घोगरा आवाज काढला, "हं?"

"बांगड्या जरा वर सरकव. फार वाजताहेत."