मावशीची उजळणी

"नाव सांग, मावशी."

म्हातारीनं भाकरीचा तुकडा दुधात बुडवला. "साखराबाई."

"आन् मी कोन?"

"तुमी... दादा."

"रामा म्हन. तुझ्या बहिणीचा रामलिंग."

"हाव. रामा." ती ओशाळून हसली. "सारखं इसरून राहिले बघ."

रामलिंगनं तिच्या हनुवटीवरचं दूध पंच्यानं टिपलं. दुसरा कुणी असता तर एव्हाना वैतागला असता. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं सगळेच म्हणतात; त्या बाळाला भरवायची वेळ आली की मात्र ज्याला त्याला कामं आठवतात. लोहा गावातल्या या घरात तसं नव्हतं. भाकरी कुस्करून, पाणी कोमट करून, सकाळ-संध्याकाळ उजळणी चालायची. तिनं नीट चार घास खाल्ले की रामलिंगला खरंच बरं वाटायचं.

आज बँकेच्या मॅडम यायच्या होत्या. मावशीला मूलबाळ नाही. लातूरचा प्लॉट तिच्या नावावर आणि त्याचं मुखत्यारपत्र रामलिंगच्या नावावर. त्या प्लॉटवर कर्ज मिळालं तर त्याचं वेल्डिंगचं दुकान उभं राहणार होतं. म्हातारी अडखळली की सगळं मुसळ केरात.

दीपाली मॅडम आल्या. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला त्यांनी पर्स अडकवली, चहाला नको म्हणाल्या आणि घेतला.

"वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मुखत्यारपत्र देणारं माणूस गेलं की तो कागद संपतो. शिवाय कुणी दबाव टाकून सही घेतली का, तेही बघावं लागतं. म्हणून प्रत्यक्ष भेटून जायचं."

"भेटा की."

मॅडमनी आधार कार्ड हातात घेतलं. "यात चेहरा भरलेला दिसतोय."

"आधारवर कोन सोतासारखं दिसतं, मॅडम?"

मॅडमना हसू आलं. स्वतःचं कार्ड त्यांनी नवऱ्यालाही कधी दाखवलं नव्हतं.

म्हातारीनं नाव सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं. प्लॉट कुठल्या शाळेच्या मागं आहे, तेही सांगितलं. रामलिंगच्या जिवात जीव आला.

"आजी, यानं काही जबरदस्ती केली का?"

"न्हाई बाई. लई जीव लावतो. हातानं भरवतो मला."

"लहानपणी कसा होता हो हा?"

हे उजळणीत नव्हतं. रामलिंग खाली फरशीकडं बघू लागला.

म्हातारीनं पदराचं टोक हातात घेतलं. "ताप आला की हे तोंडात धरून झोपायचा. सोडवाया गेलं की जागा व्हायचा. मंग मी तशीच बसून ऱ्हायची, पाय आखडले तरी."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. कर्जाच्या कामात त्यांनी नाती तुटतानाच जास्त पाहिली होती. दोघांना शेजारी बसवून त्यांनी फोटो काढला, कागदावर शेरा लिहिला आणि निघताना म्हातारीच्या पाया पडल्या.

जीप वळेपर्यंत रामलिंग उंबऱ्यात उभा राहिला. मग आत येऊन त्यानं दार लावलं.

बाजेखालून त्यानं हार घातलेली तसबीर काढली, पुसली आणि रिकाम्या खिळ्याला परत अडकवली. म्हातारीनं तसबिरीतल्या बाईला हात जोडले. "माफ करा, साखराबाई. पदराचं तेवढं माझ्या लेकाचं सांगितलं." तिनं कोपऱ्यातलं आपलं गाठोडं ओढून मांडीवर घेतलं आणि रामलिंगकडं बघितलं. "दादा, मुदखेडच्या ठेसनावर लेक मला बसवून गेला, त्याच बाकड्यावर सोडनार का आता? का अजून थोडे दिस साखराबाईच ऱ्हाऊ?"