कॅप्टन दळव्यांची वजाबाकी

"काही फरक पडत नाही. नोंद नाकारू या," विश्वकोशाच्या संपादक वत्सला ढमढेरे म्हणाल्या.

कोशात कुणाला घ्यायचं, हे हल्ली वजायंत्रावर तपासत. यंत्र त्या माणसाला इतिहासातून वगळायचं आणि त्याच्याशिवायचं जग चालवून दाखवायचं. कॅप्टन मुकुंद दळव्यांना वगळलं, तरी युद्ध त्याच दिवशी संपलं, सीमाही तिथेच राहिली. वरिष्ठांचा हुकूम मोडून त्यांनी जवानांचा एक ट्रक पुरातल्या पुलावर जाऊ दिला नव्हता, एवढीच काय ती कामगिरी.

"आजपर्यंत चालवून बघायचा नियम आहे," सहसंपादक कर्णिक म्हणाले. "तुम्हीच केलाय."

"बघा की. उगाच वेळ जाईल."

पडद्यावर हीच खोली उमटली. टेबल तेच, कर्णिकही तेच. वत्सलाबाईंच्या खुर्चीत मात्र कुणी भलतेच गृहस्थ बसले होते.



"माझे आजोबा त्या युद्धात ट्रक चालवायचे," वत्सलाबाई हळूच म्हणाल्या.

कर्णिकांनी घसा खाकरला. "ज्याचा संबंध असेल, त्यानं बैठकीतून उठायचं. हाही तुमचाच नियम."

त्या उठून बाहेर आल्या. बाकावर दळव्यांची म्हातारी मुलगी निकालाची वाट पाहत होती.

"नोंदीचं आता माझ्या हातात नाही," वत्सलाबाई म्हणाल्या.

"ते राहू द्या हो. पण बाबांमुळे कुणाला काही फरक पडला होता का?"

वत्सलाबाईंनी चपला काढल्या आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.