मातीत पडणारा चेंडू

चौथा संथ चेंडूही मातीत आपटला आणि डेलच्या छातीवरच्या कवचाला लागून बाजूला पडला. बेसबॉलच्या मैदानाकडेला खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या ट्रिग्ज कोचने वहीत फुली मारली.

ती वही कशासाठी आहे, हे साऱ्या संघाला ठाऊक होतं. चेंडू टाकणारा योनेल वीस वर्षांचा, व्हेनेझुएलाचा. त्याचा वेगवान चेंडू फलंदाजांना दिसतच नसे. क्लबच्या होतकरू खेळाडूंच्या यादीत तो पहिला होता. आता फक्त संथ चेंडू सामन्यात जमायला हवा होता. हात तितक्याच जोरात फिरवायचा आणि चेंडू ताशी दहा मैलांनी हळू सोडायचा, म्हणजे फलंदाज फसून बॅट आधीच फिरवतो. तो जमला की योनेल थेट वरच्या, मोठ्या संघात.

आणि योनेल वर गेला की डेल घरी. चौतीस वर्षांच्या, बॅटला चेंडू क्वचितच लागणाऱ्या कॅचरला क्लबने ठेवून घेतलं होतं ते या एका मुलाचे चेंडू झेलण्यासाठी. तोंडावर कुणी म्हणत नसे, इतकंच.

रोज सकाळी सरावात हाच चेंडू वीसपैकी वीस वेळा डेलच्या ग्लोव्हमध्ये अलगद येऊन बसे. सामन्यात मात्र मातीत. मुलगा घाबरतो, असं डेलने ट्रिग्जला सांगितलं होतं. पण दर वेळी चेंडू मातीत पडला की त्याला आत कुठेतरी हायसं वाटे, आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज.

आज त्याने खेळ थांबवला आणि तो चेंडू टाकायच्या उंचवट्यावर योनेलकडे गेला. ओठ कुणी वाचू नयेत म्हणून दोघांनी ग्लोव्ह तोंडापुढे धरले.

"हात घसरतोय का रे?"

"नाही."

"मग भीती वाटते?"

"मला?" योनेल हसला. "म्हातारबा, मी गेलो की ते तुम्हाला काढणार. बसमध्ये ट्रिग्ज कोच बोलत होते. त्यांना वाटतं, मला इंग्रजी कळत नाही."

डेलला महिन्याभरातले चेंडू आठवले. प्रत्येक चेंडू फलंदाजाजवळच्या प्लेटच्या वीतभर अलीकडे, अगदी त्याच जागी पडला होता. घाबरलेल्या हाताला इतकं अचूक चुकता येत नाही.

"काय रे, लग्न ठरवताय का?" अंपायर ओरडला.

"गाढवा," डेल ग्लोव्हआडून म्हणाला, "आमच्या गावच्या शाळेत मला बोलावलंय. पोरांना खेळ शिकवायला, ऑगस्टपासून. तू हलत नाहीस म्हणून मी इथे अडकलोय. माझे गुडघे बघ जरा."

"खरंच?"

"घरापासून चालत पाच मिनिटं. टाक आता."

फलंदाजाची बॅट फिरून गेली आणि मग चेंडू आला. त्यानंतरचे आठही तसेच. ट्रिग्ज वही घेऊन फोन करायला आत गेला.

पुढच्या डावात योनेल मैदानात उतरला नाही. बाकावरचा एकेक जण उठून त्याला मिठी मारू लागला. सामना चालू असताना मिठ्या सुरू झाल्या की खेळाडू वरच्या संघात चालला, हे प्रेक्षकांनाही कळतं. ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. योनेलने डेलला सगळ्यांत घट्ट धरलं. मग तो ट्रिग्जकडे गेला आणि स्वच्छ इंग्रजीत त्याने डेलच्या शाळेची बातमी सांगितली.

मुलाला सगळं कळत होतं, हे उमगून ट्रिग्जचा चेहरा पडला. योनेल सामान भरायला गेल्यावर तो डेलशेजारी येऊन बसला.

"बरं झालं रे, डेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कुठली शाळा?"

डेल पायावरच्या कवचाचे पट्टे सोडत होता.

"सोमवारपासून शोधायला लागतो."